खलनायकाचं वकीलपत्र

हिंदी सिनेमातल्या खलनायकाला अख्ख्या वऱ्हाडात आपलं म्हणणारा एकच माणूस होता, तो म्हणजे माझे मावसाजी. अकोल्याला जठारपेठेत राहायचे, फौजदारी वकिली करायचे, आणि सुडाचा सिनेमा लागला की मला धरून टॉकीजमध्ये न्यायचे. शेजारी ऐकणारा नको का कोणी! पडद्यावर नायकाच्या बापाचा खून पडला, बाया पदराने डोळे पुसू लागल्या, की इकडे मावसाजी सरसावून बसलेच. "पोरगा केवढा? एवढासा. अंधार कसा? डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. अन् यानं खुनी ओळखला? कशापायी मानायचं?" मागून शिट्ट्या व्हायच्या. एकदा तर कोणी खारे दाणे फेकून मारले. मावसाजींनी ते मांडीवरून गोळा करून शांतपणे खाल्ले. शेवटी नायक खलनायकाला गोळी घालायचा, पब्लिक टाळ्या पिटायची, तेव्हा हे उभे राहून विचारायचे, "त्यानं मारलं तो खून, मंग हा काय सत्यनारायण आहे?" मावशी म्हणायची, "कोर्टात पक्षकार भेटत नाहीत, म्हणून पडद्यावरचे धरून राहिले."

आता गंमत ऐका. दुसऱ्याच्या सुडावर एवढं तोंडसुख घेणाऱ्या या गृहस्थाने स्वतःचा एक सूड मात्र लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता. अमरावतीला यांचे सख्खे मोठे भाऊ. वडील गेले तेव्हा भावाने तार उशिरा केली आणि यांना बापाचं शेवटचं तोंड दिसलं नाही. भावाच्या भर अंगणात हे ओरडले होते, "तुह्या मातीले येणार नाही मी!" आमच्याकडे अंत्ययात्रेला जाणं म्हणजे मातीला जाणं, आणि माणूस वैऱ्याच्याही मातीला जातो. याहून जहरी शपथ वऱ्हाडात नाही. पण तिच्यात एक गोची होती. सूड उगवायचा तर आधी भाऊ मरायला हवा, आणि भावाच्या मरणाचं नाव काढलं की यांचाच जीव वरखाली! अमरावतीहून कोणी आलं की आडून चौकशी, "त्या नालायकाचा दमा कसा आहे?" जाणाऱ्याच्या हाती औषधाची बाटली, आपलं नाव सांगायचं नाही या बोलीवर. मावशी हसली की म्हणायचे, "तो आताच मेला त माही तयारी नाही."

मग भाऊ अंथरुणाला खिळले. मावसाजी ऐकून न ऐकल्यासारखे करायचे. त्याच आठवड्यात एक सिनेमा लागला. त्यातला नायक जन्मभर शोधत शेवटी दुष्टाच्या दारात पोचतो, तर दुष्ट आता म्हातारा, खाटेवर खोकत पाणी मागतोय. नायक गोळी घालत नाही आणि पाणीही देत नाही. दारात उभा राहून नुसता बघतो. म्हातारा मरतो. टाळ्या वाजवाव्यात की नाही, पब्लिकला कळेना. मी मावसाजींकडे पाहिलं, म्हटलं आता सुटणार यांची तोफ! तर हे दिवे लागायच्या आधीच उठले. बाहेर आल्यावर एवढंच बोलले, "त्याले दमा होता रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून तयार. मावशीने विचारलं, "अन् तुमची शपथ?"

मावसाजींनी कोर्टातल्यासारखा घसा साफ केला. "मातीले जाणार नाही म्हटलं होतं. जित्तेपणी जाणार नाही, असं कुठं म्हटलं?" आणि अमरावतीची मोटार धरली.

ते परत यायचं नाव घेईनात. भावाला पाणी पाजायचे, पाठ चोळायचे आणि त्या उशिराच्या तारेवरून रोज भांडायचे. भाऊ खोकत खोकत म्हणायचे, "तू जाय ना बे अकोल्याले, मले सुखानं मरू दे." हे "जातो" म्हणायचे आणि तिथंच बसायचे.

पंधरवड्याने भाऊ गेले. या खेपेला तार मावसाजींनी केली, आणि वेळेत केली. आम्ही पोचलो तेव्हा ते त्याच अंगणात बसले होते. एका अतिशहाण्या नातेवाइकाला राहवलं नाही. म्हणाला, "आलेच ना वकीलसाहेब, शेवटी भावाच्या मातीले?"

"आलो नाही बाप्पा," मावसाजी म्हणाले, "मी इथंच होतो." आणि मग लहान पोरासारखे हमसून हमसून रडले.