पेपरातली खिडकी

काल चहाच्या टपरीवर एक गृहस्थ घरून आणलेला पेपर वाचत होते आणि पानाला चौकोनी भोक पडलेलं होतं. यांच्या घरी कार्टूनची पट्टी कापणारं कुणीतरी आहे, हे मी लगेच ओळखलं. लहानपणी मीही बाबांच्या आधी उठून ती कापायचे आणि वहीत चिकटवायचे. पट्टीच्या पाठीमागे नेमक्या निधनवार्ता असायच्या. बाबा भोकातून डोकावून विचारायचे, "आज कोण गेलं, ते तुझ्या वहीत आहे का गं?"

गेल्या वर्षी बाबांची निधनवार्ता मी त्याच पेपरातून जपून कापली. वहीत ठेवताना उलटून पाहिली, तर मागे कार्टून होतं. ज्यावर हसू येतं, तो पट्टीतला शेवटचा चौकोन मात्र पेपरातच राहिला होता.