पेंग्विन आणि दोन जावा

"काय लिखेल शे ते वाचा ना पहिले, वहिनी." कॉम्प्युटर बिघडला म्हणून बोलावलं की तो दारात चपला काढता काढताच हे म्हणायचा. मूळचा देवळ्याचा, नाशकात कॉम्प्युटर जोडून द्यायचा. एरवी आमच्यासारखंच बोलायचा, पण यंत्रासमोर बसला की अहिराणी बाहेर पडायची. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. आपण तावातावानं गाऱ्हाणं सांगतोय आणि हा शांतपणे खुर्ची पुढे ओढतोय.

आमचा मखमलाबादला फुलांचा मळा. मी धाकटी जाऊ. आधी चुली वेगळ्या झाल्या, मग गुलाबाचे वाफे वाटले गेले. ओसरीतला कॉम्प्युटर तेवढा सामाईक राहिला, कारण तो कापून वाटता येईना. त्यानं त्यात विंडोजऐवजी लिनक्स नावाची फुकटची सिस्टिम घातली आणि दोन्ही घरांना वेगळं नाव, वेगळा पासवर्ड दिला. म्हणाला, आता भांडायचं कारणच नको. भोळा बिचारा!

त्यात एक खेळ होता. पेंग्विन बर्फाच्या डोंगरावरून पोटावर घसरत मासे गोळा करतो. बायकांना कसले आलेत खेळ म्हणाल, तर म्हणा. दुपारी फुलं बांधून झाली की मी खेळायचेच, आणि जाऊबाईही माझी पाठ वळली की खेळायच्या. पण माझ्या नावात तो उघडायचाच नाही. पडदा क्षणभर काळा व्हायचा, की पुन्हा जैसे थे. लाइट जाऊन आली की मात्र कधीकधी गुपचूप चालायचा.

माझी खात्री पटली, ही जाऊबाईंचीच करणी. दिवाळीपासून आमचं बोलणं बंद होतं. मी नवऱ्यामागे टुमणं लावलं, ओसरीत मधोमध भिंत घाला. विटाही येऊन पडल्या.

मग कॉम्प्युटर बघायला तो आला. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत खेळाचं नाव टाइप केलं आणि खाली उमटलेली ओळ मला वाचायला लावली. डिव्हाइस बिझी. म्हणजे आवाजाचं कार्ड आधीच दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलंय. मी म्हटलं, बघ, मी सांगत नव्हते?

त्यानं विचारलं, खेळून झाल्यावर बंद कसं करता? मी पडद्याचं बटण दाबून दाखवलं. वीज वाचते ना! त्यानं कपाळावर हात मारला. जाऊबाईही तेच करायच्या. पडदा विझायचा, थोड्या वेळानं कुलूप लागून पुन्हा नाव-पासवर्ड विचारला जायचा, पण आत त्यांचा पेंग्विन डोंगरावर तसाच उभा आणि कार्ड त्याच्याकडे. मग माझा खेळ उघडणार कसा? माझा उघडा राहिला की त्यांची तीच गत. लाइट गेली की सगळंच बंद पडायचं, मग जी आधी बसेल तिचा खेळ चालायचा.

"मग त्यांचा बंद करून टाक," मी म्हटलं. त्याला ते चुटकीसरशी जमलं असतं. तो हात मांडीवर ठेवून बसला.

"दुसऱ्याच्या नावात मी हात नाही घालणार, वहिनी. त्यांचं काही उघडं असेल तर जाईल. त्या घरीच शेतस ना? जा, विचारा."

असा राग आला मला! तरी गेले. जाऊबाई लसूण सोलत होत्या. खाली बघतच म्हटलं, तुमचा खेळ उघडा राहिलाय, बंद करता का?

त्यांनी लसूण खाली ठेवला. "म्हणजे तुझाही चालत नाही? मला वाटलं, तूच माझा बंद पाडतेस."

मला आधी हसू आलं, मग रडूच फुटलं. त्यांनी लसणाच्या हातानंच मला धरलं. नंतर त्यानं आम्हा दोघींना शेजारी बसवून लॉग आउट करायला शिकवलं, अगदी पाठ होईपर्यंत. विटा पंपाच्या खोलीला लागल्या.

लग्नानंतर तो बंगळूरला गेला. पुन्हा भेट नाही. कॉम्प्युटरही भंगारात गेला. त्याची आठवण निघाली की मला त्याचं नामपूरचं लग्नच डोळ्यांसमोर येतं. चुली वेगळ्या असल्या की आमच्याकडे पत्रिकाही वेगळ्या देतात, नाहीतर माणसं रुसतात. त्यानं दोन्ही घरांना मिळून एकच दिली होती. आम्ही दोघी एकाच जीपनं गेलो. आहेर माइकवर पुकारत होते. माझं पाकीट वेगळं, जाऊबाईंचं वेगळं. पुकारणाऱ्यानं विचारलं, कोणतं घर आधी घेऊ?

जाऊबाईंनी माझ्या हातातलं पाकीट काढून घेतलं, आपल्या पाकिटावर ठेवलं आणि म्हणाल्या, "एकच घर आहे."