अंधारखोलीचं दार

हावड्याला उतरले तेव्हा दोन दिवस मांडीवर सांभाळलेला थर्मास मी हमालाच्या हाती दिला नाही. त्यात यीस्टच्या सात नळ्या होत्या.

पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेतला अतिनील किरणांचा दिवा वर्षापूर्वी गेला. नवा परदेशातून यायचा, आणि त्याचा परवाना दिल्लीत कुठल्याशा टेबलावर पडून होता. एका दिव्यासाठी अर्धा देश ओलांडायचा! पूल, ट्राम, भिंतींवर रंगवलेल्या घोषणा, सगळं कलकत्ता मी पाहिलं ते याच संतापात.

बागबाजारात आईच्या मैत्रिणीकडे, साठेकाकूंकडे उतरले. त्यांच्या दोन पिढ्या इथेच गेलेल्या. नात धावत आली. "मावशी, पाणी खाणार?" बंगालीत पाणीही खातात. मी हसले. काकूंनी वरणभाताबरोबर बेगुन भाजा (वांग्याचे तळलेले काप) वाढला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा. विभागप्रमुखांनी आधी विचारलं, "मिस्टर काय करतात?" मग दिव्याची खोली दाखवली. खोली तिथले शिपाई निमाईबाबू यांच्या ताब्यात होती. पन्नाशीचे, किडकिडीत, रोज लोकलने सियालदहला उतरून चालत येणारे.

माझं काम असं होतं. किरणांनी यीस्टच्या पेशीतला डीएनए बिघडतो आणि पेशी तो आपला आपण दुरुस्त करते. मला एक वाण सापडला होता, त्याला ही दुरुस्ती जमत नव्हती. चार वर्षं मी त्याच्यामागे होते. अट एकच: किरण दिल्यावर यीस्ट वाढवायच्या काचेच्या प्लेटा अंधारात राहायला हव्यात. साधा उजेड मिळाला तर त्याच्या मदतीने पेशी वेगळ्याच वाटेने सावरतात, आणि प्रयोग फुकट जातो.

पाचव्या दिवशी दुपारी, लाल दिव्याखाली (लाल उजेड चालतो) किरण दिलेल्या प्लेटा मांडलेल्या असताना, दार सताड उघडलं. प्रमुख चार पाहुण्यांना घेऊन उभे. "आणि या आमच्या पुण्याच्या बाई!"

"दार लावा!" मी ओरडले.

ते पाहुण्यांकडे वळून हसले. "बर्गी आली!" (बर्गी म्हणजे इथे लुटायला आलेले मराठे घोडेस्वार.) सगळे हसले. दार उघडंच.

पाहुणे गेल्यावर मी म्हणाले, "या प्लेटा आता टाकाव्या लागतील."

"दोन मिनिटांच्या उजेडाने काय होतं? मोजा आणि लिहा. मला अहवालात आकडे द्यायचेत."

"ते आकडे खोटे असतील, सर."

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळतंय ना!"

त्यांच्यादेखत मी सगळ्या प्लेटा कचऱ्याच्या डब्यात उलट्या केल्या. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "तुम्ही इथे पाहुण्या आहात. उद्यापासून दिवा आमच्या विद्यार्थ्यांना लागेल."

मी जिन्यात जाऊन बसले. रडू येत होतं त्याचाच जास्त राग येत होता. निमाईबाबू चहाचं भांड (मातीचा छोटा पेला) घेऊन आले. म्हणाले, "शनिवारी साहेब एकला घरी जातात. किल्ली माझ्याकडे असते."

"तुमच्यावर ठपका येईल."

"आपनि काज कोरुन, दिदिमणि. दोरजा आमि देखबो." (तुम्ही काम करा, ताई. दाराचं मी बघतो.)

शनिवारी त्यांनी दारावर दुहेरी काळं कापड ठोकलं आणि बाहेर स्टूल टाकून चार तास बसून राहिले. लोकल चुकली, तरी उठले नाहीत. मंगळवारी प्लेटा उघडल्या. साध्या यीस्टच्या वसाहती दाट उगवल्या होत्या. माझ्या वाणाच्या प्लेटा कोऱ्या: दुरुस्ती न जमून सगळ्या पेशी मेल्या होत्या. निमाईबाबूंनी वाकून पाहिलं आणि मान डोलावली.

निघताना, आकडे कसे मिळाले ते न विचारता, प्रमुख म्हणाले, "शोधनिबंधावर माझं नाव येईल ना? दिवा आमचा होता." मी थर्मास उचलला.

पुण्याला पोचले तर त्यांची तार माझ्याआधी येऊन माझ्या गाइडसरांच्या हातात पडलेली. निबंधाचा मसुदा वाचून सर म्हणाले, "घाल त्यांचं नाव. पुढेही गरज पडेल. आणि आभारातलं हे निमाईबाबूंचं नाव काढ. शिपायाचे आभार मानत नाहीत कुणी."

पहिलं मी ऐकलं. दुसरं नाही. दोन आठवडे निबंध सरांच्या टेबलावर पडून राहिला, शेवटी सरांनी सही केली.

माणूस प्रवासातून शहाणा होऊन येतो म्हणतात. मी चिडून गेले आणि जास्त चिडून आले. निबंध छापून आला. निमाईबाबूंचं नाव तळाशी, बारीक अक्षरांत आहे. वर, माझ्या नावाला खेटून, दार उघडणाऱ्याचं नाव आहे, आणि ते तिथे मीच लिहिलंय.