निवडलेलं घर

तेरावं उरकलं, पाहुणे पांगले आणि लगेचच घाटकोपरच्या आमच्या दारात एक बाई उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. घरखर्चाच्या सरकारी पाहणीत आमचं घर निवडलं गेलं होतं. एरवी मी खो-खो हसले असते. त्या दिवसांत मात्र हसू नव्हतं की रडू नव्हतं; आत काही हलतच नव्हतं.

माझा नवरा संख्याशास्त्रज्ञ. घराघरातले खर्च विचारून देशाची गरिबी कशी ताडायची, यात त्याने आयुष्य घातलं. आज वर्गात शिकवतात त्यातलं बरंच पहिल्यांदा त्याने मांडलं. कोथिंबिरीचा भाव मात्र त्याला कधी ठाऊक नसायचा. त्याचा राग एकाच गोष्टीवर. निवडलेलं घर अडचणीचं वाटलं की पाहणीवाले गुपचूप शेजारचं घेतात. "दुःखी घरं वगळत गेलात तर देश सुखीच दिसणार," म्हणायचा. मी म्हणायचे, "आधी जेव, देश नंतर."

फोटोवरचा ताजा हार दिसला तशी बाई चपला काढता काढता थांबली.

"सॉरी काकू. बाजूचं घर घेते ना मी. कोण बघतंय?"

"नाही चालत," मी म्हणाले. "या, बसा."

तो असता तर यावर तासभर बोलला असता. मी पाणी आणून दिलं.

"एका चुलीवर जेवणारी माणसं किती?"

हा प्रश्न मला पाठ होता. भिंती मोजू नका, चूल मोजा, असे वाद त्याने आमच्याच जेवणाच्या टेबलावर घातले होते.

"दोन," मी म्हणाले.

बाईने फोटोकडे पाहिलं आणि बोट टॅबवर नेलं. लिहूनही टाकलं असतं तिने. त्याच्याच घरातून खोटा आकडा गेला असता.

"एक," मी म्हणाले. "एक लिहा."

मग तिने माझं वय, शिक्षण, काम विचारलं. तांदूळ, तेल, औषधं, वीज. मी सांगत गेले. ती थांबल्यावरही मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसून राहिले.

"झालं, काकू. एक टाकलं ना, की दुसऱ्या माणसाचे प्रश्न येतच नाहीत."

त्याचं वय, शिक्षण, काय काम करायचा, सगळं माझ्या जिभेवर तयार होतं.