हिराआत्याची झोप आणि निकिताचं लग्न

विश्रांतवाडीच्या हिरा ओव्हाळ यांची दृष्टी काचबिंदूने शाळेत असतानाच गेली. दुखणं इतकं वाढलं की शेवटी दोन्ही डोळे काढावे लागले. तरी त्या शिकल्या, एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या आणि सन्मानाने निवृत्त झाल्या. अडचण एकच होती. त्यांची झोप जागेवर राहायची नाही. आज दहाला डोळा लागला तर उद्या साडेदहाला, परवा अकराला, असं करत ती पहाटेवर जायची, मग भर दुपारवर, आणि दीड-दोन महिन्यांनी फिरून पुन्हा रात्रीवर यायची. झोप दुपारवर आली की हिराताई बोर्डावर मान टाकायच्या. पण जेवणानंतर त्या शाखेत इतके जण डुलक्या घ्यायचे, की त्यांचं कुणाला विशेष वाटलं नाही.

त्या धाकट्या भावाकडे, रामदासकडे राहायच्या. रामदासचं आयुष्य स्वारगेटला बसगाड्यांच्या वेळा लावण्यात गेलेलं. कुणी "ताई कुठे आहेत?" विचारलं की तो म्हणायचा, "सध्या लंडनमध्ये. पुढच्या आठवड्यात अमेरिकेला पोचतील." आणि त्या आतल्या खोलीत, लंडनच्या वेळेने, घोरत असायच्या.

रामदासच्या निकिताला हिराआत्यानेच वाढवलेलं. निकिताचं वाघोलीच्या अभयशी ठरलं, तेव्हा तिने एकच अट घातली.

"आत्या जागी असेल तेव्हाच लग्न."

झालं! ज्या घरात तीन पिढ्या पंचांग शिरलं नव्हतं, त्या घरात मुहूर्त शोधणं सुरू झालं. रामदास कॅलेंडर घेऊन बसला. अभयला नोकरीसाठी जर्मनीला जायचं होतं, त्यामुळे एकच आठवडा हाताशी होता. त्या आठवड्यात ताई सकाळी दहाला झोपणार आणि संध्याकाळी सहाला उठणार, असा त्याचा हिशोब निघाला. संध्याकाळी हॉलवर दुसरं लग्न होतं. आणि ताई झोपायच्या आत जेवणंही उरकायची, म्हणून उरली पहाट.

अभयच्या आई मंदाकिनीबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्यात मुहूर्त बघत नाहीत असं ऐकलं होतं."

"मुहूर्त नाही हो," रामदास म्हणाला. "ताईची झोप बघतोय."

"अच्छा. आमच्याकडे नुसते ग्रह असायचे, ते बरे होते म्हणायचे."

पत्रिका छापल्या. मंगलपरिणय, पहाटे साडेपाच.

याच सुमारास निकिता आत्याला डॉक्टर शेफालींकडे घेऊन गेली. झोपेसाठी आजवर कुणी नेलंच नव्हतं. डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"आपल्या सगळ्यांच्या मेंदूत एक घड्याळ असतं," त्या म्हणाल्या. "बहुतेकांचं चोवीस तासांपेक्षा जरा हळूच चालतं. सकाळचा उजेड डोळ्यांतून आत जातो आणि काटे रोज जागेवर येतात. तुमच्याकडे उजेड पोचतच नाही, म्हणून ते रोज थोडं मागे पडत जातं."

"म्हणजे मी आळशी नाही?"

"मुळीच नाही."

"रामदासला तेवढं लिहून द्या."

अंधार पडला की शरीर जे रसायन सोडतं, त्याच्याच गोळ्या डॉक्टरांनी दिल्या. रोज रात्री ठरलेल्या वेळी एक. गुण यायला आठवडे लागतील, महिनेही लागतील; येणारच असं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. त्यामुळे हिशोबाला धोका आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

पण आत्याची झोप रात्रीवर आली आणि तिथेच थांबली. हिराआत्या सगळ्यांबरोबर झोपायच्या, सगळ्यांबरोबर उठायच्या, सकाळच्या पोह्यांना हजर! आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अंग हलकं वाटत होतं. गोळी बंद करा म्हणायचा धीर कुणाला होईना.

निकिता घाबरली. "बाबा, आत्या पहाटे झोपलेली असते."

"गाडी लेट आहे," रामदास म्हणाला. "वेळ भरून काढेल."

गाडीने वेळ भरून काढली नाही. लग्नाच्या दिवशी हिराआत्यांना हलवून उठवलं, तीन कप चहा पाजला, पांढरी साडी नेसवली आणि वाघोलीच्या हॉलवर पुढच्या खुर्चीत बसवलं. भंतेजींनी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला आत्यांच्या खुर्चीतून साथ आली. त्या घोरत होत्या.

निकिताच्या डोळ्यांत पाणी आलं. रामदास हलवून हलवून थकला. तेव्हा मंदाकिनीबाई उठल्या.

"मुहूर्त नाही ना कसला? मग टळायचं काय? बसू या थोडं."

भंतेजींची हरकत नव्हती. बँडवाल्यांना थांबायला सांगितलं. पण रात्री उशिरापर्यंत हळदीत नाचलेली आणि पहाटे तीनला उठलेली माणसं ती. अर्ध्या तासात सगळा हॉल झोपला. सनई छातीशी धरून बँडवाला झोपला. नवरा-नवरी एकमेकांवर डोकं टेकून झोपली. मंदाकिनीबाई ताठ बसून झोपल्या. जागे फक्त भंतेजी. त्यांना पहाटेची सवयच होती.

साडेसातला हिराआत्यांना खडखडीत जाग आली. त्यांनी कान दिला. चहूकडून घोरणं.

"रामदास!" भावाचं घोरणं ओळखून त्या ओरडल्या. "आवरा की! सगळ्यांच्या घड्याळांना झालंय तरी काय?"

आठ वाजता लग्न लागलं. फुलं पडली तेव्हा निम्मा हॉल जांभया देत होता आणि हिराआत्या सगळ्यांत मोठ्याने "साधु! साधु!" असा साधुकार देत होत्या. फोटोंत एकट्या त्याच ताज्यातवान्या दिसतात.

एक घोटाळा मात्र कळायला उशीर झाला. पहाटे साडेपाच ही छापणाऱ्याची चूक आहे असं धरून नात्यातली चाळीसेक माणसं संध्याकाळी साडेपाचला त्याच हॉलवर पोचली. दारावर भलतीच नावं होती. तरी ती आत गेली, अनोळखी वधूवरांना आहेर देऊन आली आणि पोटभर जेवली. जिलेबी चांगली होती, असं निरोपात कळवलं.