मोजायची नाहीत अशी सात झाडं

फोन आला तेव्हा मी मोसंबीवर फवारणी करत होतो. "काका, आई उठंना..." पुतणी रेखा एवढंच बोलली. सुमनवहिनी सकाळी जिवामृताच्या ड्रमापाशी बसल्या, त्या बसल्याच. दीड महिना झाला त्याला.

थोरले भाऊ गेल्यावर जिंतूरजवळची आमची बाग दोन वाट्यांत झाली. विहीर एक, कलमं एकाच दिवशी लावलेली, मधे फक्त हातभर मातीचा धुरा. माझ्याकडं रासायनिक खतं आणि औषधं. वहिनींकडं पालापाचोळा आणि शेण-गोमूत्र कुजवून केलेलं जिवामृत. कृषी महाविद्यालयातली एक मुलगी दर महिन्याला यायची, दोन्हीकडची माती, पानं, फळं तपासून वहीत लिहायची. मला ती परीक्षा वाटायची. वहिनींना नवल. "बघू तर, झाड काय म्हणायलंय," म्हणायच्या.

एका पावसाळ्यात त्यांची धुऱ्याकडची झाडं पिवळी पडली. दिरानं भावजयीची बाग वाळू दिली, असं गाव म्हणेल याची मला धास्ती. त्या माहेरी सोनपेठला गेल्या होत्या, तेवढ्यात मी सात झाडांच्या बुडाशी युरिया टाकला. विचारलं नाही, नंतर सांगितलंही नाही. पंधरवड्यात पानं हिरवी झाली. बाग बघायला आलेल्या लोकांना वहिनी हरखून सांगत होत्या, "जिवामृतानं उठली बघा!" मी मागं उभा राहून हसलो. तिथंच थांबलो असतो तरी... पण बाजारच्या दिवशी चहाच्या टपरीवर चौघांना मी ते रंगवून सांगितलं. तोंडातोंडी जाता जाता गोष्टीतून माझं नाव गळलं, वहिनींचं तेवढं राहिलं. शेतकऱ्यांच्या पुढच्या बैठकीत एकानं त्यांना भरसभेत विचारलं, "बाई, तुमच्या जिवामृतात युरिया किती?" सगळे हसले. मी मान खाली घालून बसलो होतो.

संध्याकाळी त्या धुऱ्यावर आल्या. आता भांडतील, असं वाटलं.

"भावजी, किती झाडांना टाकलं?"

"सात."

"नीट आठवून सांगा. ती पोरगी मोजायलीय, तिचं लिहिलेलं खोटं व्हायला नको."

पुढच्या खेपेला त्यांनी त्या मुलीला स्वतः ती झाडं दाखवली. "ही मोजू नको. माझ्याकडून चूक झाली," म्हणाल्या. मी दहा पावलांवर होतो. तोंड उघडलं नाही. वहिनी त्यानंतर कधीच बैठकीला गेल्या नाहीत.

शेवटी माझ्याकडं फळं जास्त निघाली. त्यांच्याकडं उन्हाळ्यात ओल टिकली, फळगळ कमी झाली. वहिनी दोन्ही गोष्टी सांगायच्या. मी पहिलीच सांगायचो. आज एवढं लिहितो, की युरिया मी टाकला होता. हे ऐकायला ज्या हव्या होत्या, त्या मात्र नाहीत.

घरी कुणी आलं की वहिनी दोन्हीकडची मोसंबी कापून एकाच ताटलीत ठेवायच्या. कोणती कुणाची, ते सांगायच्या नाहीत. मी साल ओळखून माझीच फोड उचलायचो. तेराव्याला रेखानं तशीच ताटली माझ्यापुढं धरली. न बघता हाताला लागली ती फोड उचलली. गोड होती. कुणाकडची, ते रेखानंही सांगितलं नाही.