आरोही कोणाशी बोलली

तृप्ती बोरस्ते नाशिक रोडच्या एका कॉलनीमागच्या अंगणवाडीत सेविका होती. चाळिशीत तिने बाहेरून तत्त्वज्ञानात एम.ए. केलं. मन म्हणजे काय, हे पुस्तकांतून पुरतं कळेना, म्हणून ती मुलांकडे बघून वहीत टिपणं काढू लागली. कोण खेळणं हिसकावतं, त्याआधी त्याचा चेहरा कसा होतो, असलं सगळं.

चार वर्षांची आरोही घरी बोलायची, अंगणवाडीत मात्र जूनपासून एक शब्द नाही. तृप्तीने तिच्यावर अकरा पानं लिहिली होती.

आणि एका सकाळी आरोही बोलली, ती अक्काबाईंशी. अक्काबाई मदतनीस, पेठ तालुक्याकडच्या, शाळेत कधी न गेलेल्या. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या मांडीला टेकून आरोही म्हणाली, "हा खडा मोठाय."

तृप्ती दारातच थांबली. आनंद व्हायला हवा होता, पण तिचा जळफळाट झाला. अकरा पानं मी लिहिली, आणि बोलली हिच्याशी?

पुढच्या आठवड्यात पर्यवेक्षिका आल्या. "अरे वा, बोलते की ही! काय केलंत?"

"रोज थोडा थोडा वेळ दिला तिला," तृप्ती म्हणाली.

अक्काबाई तिथेच पातेलं घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. तृप्ती त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत राहिली. तो दिसेना, याचाही तिला हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी तिने अक्काबाईंना सांगितलं, "तुम्ही स्वयंपाकघरातच थांबत जा. वर्गात मुलांचं लक्ष उडतं."

आरोही पुन्हा गप्प झाली. तृप्तीने तिच्यापुढे निवडायच्या तांदळाचं तेच सूप ठेवलं, वही मांडीवर घेऊन शेजारी बसली. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी आरोहीने सूप लोटून दिलं.

तृप्ती तडक स्वयंपाकघरात गेली. "अक्काबाई, तुम्ही असं काय करता तिला?"

"काय नाय करत. तुम्ही लय बघता तिच्याकडं, बाई. मला कुणी असं बघत बसलं, तर माझी पण वाचा बसंल."

'हे मी शिकलेय,' असं तृप्तीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती वळली. बाहेर ओट्यावर येऊन तिने पर्यवेक्षिकांना फोन लावला. "मॅडम, त्या दिवशी मी खोटं बोलले. आरोहीला अक्काबाईंनी बोलतं केलं."

अक्काबाई वर्गात परतल्या. आरोही आता दिवसभर बोलते. तृप्तीला काही सांगायचं असलं, की अक्काबाईंच्या कानात सांगते, आणि अक्काबाई मोठ्याने म्हणतात, "बाई, तिला शूला जायचंय."

तृप्तीला ते अजूनही झोंबतं.